अकराव्या फेरीपर्यंत
लास वेगास, 16 ऑक्टोबर 2011 : एका अंतिम शर्यतीचा घटनाक्रम

अमेरिकेतल्या इंडीकार या एकआसनी मोटारींच्या मालिकेची 2011 ची शेवटची शर्यत लास वेगासला ठरली होती. 200 फेऱ्यांची ही शर्यत अकराव्या फेरीतच संपली. त्या वर्षीची इंडियानापोलिस 500 ही शर्यत जिंकलेला 33 वर्षांचा ब्रिटिश ड्रायव्हर डॅन व्हेल्डन तिथे मृत्युमुखी पडला. अपघात काही सेकंदांचा होता, पण त्याची तयारी कित्येक महिने चालली होती आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती.

आपल्या सोलापूरचे घड्याळ तिथल्या घड्याळापेक्षा साडेबारा तास पुढे. वेगासला रविवारची दुपार होती तेव्हा आपल्याकडे सोमवारची मध्यरात्र उलटून गेलेली. आपल्या शहरात मोटार शर्यतीचा ट्रॅक नाही. कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, पण फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतीसाठी चेन्नई नाहीतर कोइम्बतूर गाठावे लागते. तरीही हा घटनाक्रम सोलापुरात बसून नीट वाचावा असे मला मनापासून वाटते. गर्दी, बक्षीस आणि वेग एकत्र आणणारे आयोजक आपल्याकडेही आहेत.

बारा वर्षे आधी : 31 ऑक्टोबर 1999

कॅलिफोर्नियातील फोंटाना. तेव्हाच्या कार्ट या एकआसनी मोटारींच्या मालिकेची शेवटची शर्यत. कॅनडाचा 24 वर्षांचा ग्रेग मूर हाताला दुखापत झाल्यामुळे पात्रता फेरीत उतरू शकला नव्हता, म्हणून त्याला सर्वांत मागून सुरुवात करावी लागली. पुढच्या हंगामासाठी पेन्स्के संघाशी त्याचा करार झालेला होता. शर्यत जेमतेम दहाएक फेऱ्यांची झाली असताना त्याची गाडी घसरली, उलटी होऊन आतल्या भिंतीवर आदळली आणि मूर गेला. त्याचा जिवलग मित्र दारिओ फ्रँकिटी त्याच शर्यतीत विजेतेपदासाठी झुंजत होता. हुआन पाब्लो माँटोयाशी त्याची गुणांत बरोबरी झाली, आणि जास्त शर्यती जिंकल्या म्हणून अजिंक्यपद माँटोयाला मिळाले.

अंतिम शर्यत, अतिवेगवान लंबगोल ट्रॅक, शेवटच्या जागेवरून सुरुवात, खिशात पुढच्या वर्षीचा करार. यातला प्रत्येक तपशील बारा वर्षांनी पुन्हा समोर येणार होता. दोन्ही वेळी विजेतेपदाच्या लढतीत फ्रँकिटीच होता.

आठ महिने आधी : फेब्रुवारी 2011

इंडीकारचे प्रमुख रँडी बर्नार्ड वर्षभरापूर्वीच या पदावर आले होते. त्याआधी ते बैलांवर स्वार होण्याच्या व्यावसायिक स्पर्धांचा, म्हणजे बुल रायडिंगचा कारभार पाहत. मालिकेचा प्रेक्षक घटत होता आणि तो परत आणणे हेच त्यांचे काम होते. त्यांनी घोषणा केली, की इतर शर्यती गाजवणाऱ्या ड्रायव्हरांनी लास वेगासला यावे, आमच्या नेहमीच्या ड्रायव्हरांना हरवावे आणि 50 लाख डॉलर न्यावेत. त्या वेळच्या दराने ही रक्कम 22-23 कोटी रुपयांच्या घरात जाते.

हेतू वाईट नव्हता. मालिका जगली तरच ड्रायव्हर, मेकॅनिक, संघ यांची पोटे चालणार. पण शर्यत कुठे घ्यायची आणि तिला काय रंग द्यायचा हे तिकीटविक्री ठरवू लागली, ती याच घोषणेपासून.

साडेचार महिने आधी : 29 मे

इंडियानापोलिस 500 च्या शंभराव्या वर्षाची शर्यत. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर आघाडीवरचा नवखा जे. आर. हिल्डब्रँड भिंतीला घासला. मागून आलेल्या व्हेल्डनने त्याला गाठले आणि शर्यत जिंकली. त्या दिवशी तो आघाडीवर होता तो फक्त अखेरच्या काही क्षणांपुरता. 2005 मध्ये त्याने हीच शर्यत आणि मालिकेचे अजिंक्यपद दोन्ही जिंकले होते. असा हा माणूस 2011 मध्ये मात्र कायमस्वरूपी गाडीविना होता, कारण कोणत्याच संघाकडे त्याच्यासाठी पूर्ण हंगामाचा पैसा नव्हता.

दोन महिने आधी : ऑगस्ट

मोकळ्या वेळात व्हेल्डनने एक मोलाचे काम हाती घेतले. 2012 पासून येणाऱ्या डल्लारा कंपनीच्या नव्या गाडीच्या चाचण्या तो करत होता. या गाडीच्या मागच्या चाकांना आवरण होते. ते कशासाठी, हे समजून घ्यायला हवे.

एकआसनी गाडीची चाके उघडी असतात. एका गाडीच्या पुढच्या चाकाने दुसरीच्या मागच्या चाकाला धडक दिली, की जिथे ती भिडतात तिथे पुढच्या गाडीच्या चाकाची बाजू वर जात असते आणि मागच्या गाडीच्या चाकाची बाजू खाली येत असते. दोन्ही रबरी पृष्ठभाग एकमेकांना पकडतात आणि मागची गाडी सरळ वर उचलली जाते. नव्या गाडीतले आवरण ही पकड होऊच नये म्हणून होते. थोडक्यात, धोका ओळखलेला होता, त्यावरचा उपाय तयार होत होता आणि त्याची चाचणी व्हेल्डन स्वतः घेत होता. लास वेगासला मात्र जुनीच गाडी धावणार होती.

दोन आठवडे आधी : 2 ऑक्टोबर

केंटकीची शर्यत. विल पॉवर हा ड्रायव्हर गुणतक्त्यात पुढे होता, पण पिटमध्ये, म्हणजे गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात त्या जागी, दुसऱ्या गाडीने त्याला धडक दिली आणि तो मागे पडला. फ्रँकिटी अवघ्या 0.0098 सेकंदाने पहिला क्रमांक हुकून दुसरा आला. गुणतक्ता उलटला आणि फ्रँकिटी 18 गुणांनी पुढे गेला. अजिंक्यपद आता शेवटच्या शर्यतीत ठरणार होते.

50 लाख डॉलरचे आव्हान बाहेरून कोणी स्वीकारले नव्हते. म्हणून त्याचे रूप बदलण्यात आले. व्हेल्डनने सर्वांत मागून सुरुवात करून शर्यत जिंकायची. जिंकल्यास अर्धी रक्कम त्याची, अर्धी सोडतीत निवडलेल्या एका चाहत्याची. केंटकीत तो सराव म्हणूनच सॅम श्मिट यांच्या संघाच्या गाडीतून धावला.

तीन दिवस आधी

लास वेगासचा ट्रॅक दीड मैलाचा, म्हणजे साधारण 2.4 किलोमीटरचा. 2006 मध्ये त्याच्या वळणांचा तिरपा उतार 20 अंशांपर्यंत वाढवण्यात आला होता. नॅस्कार या दुसऱ्या अमेरिकी मालिकेच्या वजनदार मोटारींना तो मानवतो. हलक्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या इंडीकारला तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावाच लागत नाही. सगळ्यांची बनावट डल्लाराची, सगळ्यांचे इंजिन होंडाचे आणि सगळ्यांचा पाय तळाला. मग पुढे कोण आणि मागे कोण हे ठरायचे कसे? कोणीच कोणापासून सुटत नाही. गाड्या दोन-दोन, तीन-तीनच्या रांगांत एकमेकींना खेटून धावतात. या झुंडीच्या शर्यतीला ड्रायव्हर मनापासून घाबरत. तिथे कौशल्याला वाव कमी असतो आणि एकाची चूक मागच्या सगळ्यांना भोवते.

आकडे पाहा. इंडियानापोलिसचा ट्रॅक चार किलोमीटरचा, तिथे 33 गाड्या. समान अंतराने उभ्या केल्या तर दोन गाड्यांत 120 मीटर राहतात. वेगासच्या 2.4 किलोमीटरवर 34 गाड्या, म्हणजे 70 मीटर. टोनी कनानने पात्रता फेरीत पहिले स्थान मिळवले ते ताशी 222 मैलांच्या, सुमारे 357 किलोमीटरच्या वेगाने. या वेगाने सोलापूरहून पुण्याला पोहोचायला पाऊण तासही लागणार नाही. गाडी सेकंदाला जवळजवळ 100 मीटर कापते. समान अंतर ठेवले तरी दोन गाड्यांमध्ये पाऊण सेकंदापेक्षा कमी वेळ उरतो, आणि झुंडीत समान अंतर कधीच नसते.

सराव पाहून अनेकांच्या पोटात गोळा आला होता. ही शर्यत नीट पार पडणार नाही असे वाटत होते, हे काही ड्रायव्हरांनी नंतर उघड बोलून दाखवले. पण गाड्या कमी करा किंवा वेग उतरवा, असा निर्णय कोणी घेतला नाही. इतक्या उशिरा तो घेणार तरी कोण? जाहिराती झाल्या होत्या, तिकिटे विकली गेली होती, दूरचित्रवाणीची वेळ ठरलेली होती.

काही तास आधी : रविवार सकाळ (सोलापूर : रविवार रात्र)

व्हेल्डनने अँड्रेटी संघाशी पुढच्या हंगामाचा करार केला. डॅनिका पॅट्रिक इंडीकार सोडून चालली होती आणि तिची जागा त्याला मिळणार होती. वर्षभर कायमस्वरूपी गाडीविना राहिलेल्या माणसाचा प्रश्न सुटला होता. पत्नी आणि दोन लहान मुलगे त्याच्याबरोबर वेगासलाच होते.

दुपारी 12 नंतर (सोलापूर : मध्यरात्रीनंतर 12.30 च्या पुढे)

थेट प्रक्षेपण सुरू झाले. 34 गाड्या रांगेत लागल्या. विजेतेपदाचे दोन्ही दावेदार, पॉवर आणि फ्रँकिटी, मधोमध सतराव्या आणि अठराव्या जागेवर शेजारी-शेजारी. सर्वांत शेवटी 77 क्रमांकाची व्हेल्डनची गाडी. संथ फेऱ्या चालू असताना समालोचकांनी रेडिओवरून त्याच्याशी गप्पा मारल्या. तो उत्साहात होता.

दुपारी 12.45 च्या सुमारास (सोलापूर : रात्री सव्वाच्या सुमारास)

हिरवा झेंडा. एक फेरी साधारण 25 सेकंदांची. गाड्यांची झुंड पांगलीच नाही. व्हेल्डन एकेक गाडी मागे टाकत चौतिसाव्या जागेवरून चोविसाव्यापर्यंत आला. दहा फेऱ्या, दहा जागा, आणि घड्याळात पाच मिनिटेही झाली नव्हती.

अकरावी फेरी

वळणाच्या तोंडाशी वेड कनिंगहॅमची गाडी जेम्स हिंचक्लिफच्या गाडीला लागली. किंचित स्पर्श. कनिंगहॅमची गाडी वाकडी झाली आणि मागच्या गाड्या तिच्यावर येऊ लागल्या. कोणी ब्रेक दाबला, कोणी आत वळला, कोणी भिंतीकडे गेला. बाजूला व्हायला जागा नव्हती, कारण ट्रॅकच्या पूर्ण रुंदीवर गाड्या होत्या. काही सेकंदांत 15 गाड्यांचा चेंदामेंदा झाला. ज्वाळा उसळल्या, चाके आणि पत्रे उडाले. विजेतेपदासाठी धावणाऱ्या पॉवरची गाडीही हवेत गेली आणि त्याच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. हिल्डब्रँड आणि पिपा मान यांनाही रुग्णालयात न्यावे लागले.

व्हेल्डन या गोंधळाच्या मागे होता. इंडीकारच्या चौकशीनुसार त्याने ताशी 224 मैलांवरून वेग 165 मैलांपर्यंत उतरवला होता. तेवढ्या वेळात माणसाकडून होण्यासारखे सगळे त्याने केले होते. पण पुढे चार्ली किंबॉलची मंदावलेली गाडी होती. चाक चाकावर चढले, गाडी हवेत उचलली गेली आणि सुमारे 100 मीटर हवेतून जात तारेच्या जाळीवर आदळली. कॉकपिटची उघडी बाजू जाळीच्या खांबावर गेली. आघात थेट डोक्यावर झाला. ज्या पकडीला आळा घालणाऱ्या गाडीची चाचणी त्याने ऑगस्टमध्ये केली होती, त्याच पकडीने त्याची गाडी उचलली.

अपघातानंतरचा पहिला तास

लाल झेंडा. शर्यत थांबली. हेलिकॉप्टरने व्हेल्डनला युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरमध्ये नेले. पिटमध्ये उरलेले ड्रायव्हर हेल्मेट काढून उभे राहिले. कोणी काही सांगत नव्हते, आणि या खेळात काही न सांगण्याचा अर्थ जुन्या ड्रायव्हरांना कळतो.

दुपारी 1.54 (सोलापूर : सोमवार, रात्री 2.24)

डॉक्टरांनी व्हेल्डनला मृत घोषित केले.

त्यानंतर

ड्रायव्हरांना एकत्र बोलावून बातमी सांगण्यात आली. मग बर्नार्ड यांनी ती जगाला सांगितली. शर्यत रद्द झाली आणि तिचा निकाल धरायचा नाही असे ठरले. आधीच्या गुणांवर फ्रँकिटी चौथ्यांदा अजिंक्य ठरला. आयुष्यातले मोठे यश पदरात पडत असताना त्याच्या डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते.

शाबूत राहिलेल्या 19 गाड्या पुन्हा ट्रॅकवर आल्या. तीन-तीनच्या रांगांत त्यांनी संथ पाच फेऱ्या मारल्या. संघांचे लोक पिटच्या कडेने उभे होते. गुणफलकाच्या माथ्यावर एकच आकडा होता : 77.

दोन आठवड्यांनी : 30 ऑक्टोबर

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. आपल्या देशासाठी तो उत्सवाचा दिवस होता. सुरुवातीआधी व्हेल्डनसाठी, आणि 23 ऑक्टोबरला मलेशियात मृत्युमुखी पडलेल्या मोटारसायकलपटू मार्को सिमोंचेलीसाठी, सारे जण एक मिनिट स्तब्ध उभे राहिले. या खेळाशी आपली नवी ओळख होत होती, आणि त्याची किंमत काय असते हे पहिल्याच दिवशी समोर आले.

दोन महिन्यांनी : डिसेंबर

चौकशीचा अहवाल आला. एका माणसावर किंवा एका कारणावर बोट ठेवता येत नाही, अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या, असा त्याचा सूर होता. ट्रॅकच्या रुंदीवर गाड्यांना कुठेही, कसेही फिरता येत होते, हा धोका त्यात स्पष्ट नोंदवलेला आहे. 2012 मध्ये लास वेगासला शर्यत न घेण्याचा निर्णयही झाला.

अहवाल आपल्या जागी योग्य असेल. पण गोष्टी आपोआप जुळून येत नाहीत. 20 अंशांच्या ट्रॅकची निवड कोणीतरी केली. 34 गाड्यांना मंजुरी कोणीतरी दिली. शेवटच्या जागेवरून जिंकल्यास 50 लाख डॉलर, हे कोणीतरी ठरवले. यातली प्रत्येक सही वेगळ्या टेबलावर झाली आणि प्रत्येक टेबलावर ती रास्तच वाटली असणार. तिन्ही कागद एकत्र ठेवून ‘हे आम्ही घेणार नाही’ म्हणण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते. माझ्या मते व्हेल्डनचा जीव या रिकाम्या जागेने घेतला.

पाच महिन्यांनी : 25 मार्च 2012

फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये नवी गाडी पहिल्यांदा शर्यतीत धावली. तिला नाव दिले होते डीडब्ल्यू12. पहिली दोन अक्षरे डॅन व्हेल्डनची. ती शर्यत हेलिओ कॅस्ट्रोनेव्हेसने जिंकली. ग्रेग मूर गेल्यानंतर पेन्स्केमध्ये त्याच्या जागी आलेला हाच ड्रायव्हर.

पुढेही सुधारणा होत गेल्या. फॉर्म्युला वनने 2018 मध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हेलो नावाची चौकट बसवली. 2020 मध्ये इंडीकारने कॉकपिटपुढे पारदर्शक कवच आणले. यातून कितीतरी जीव वाचले, हे मान्यच. पण प्रत्येक सुधारणेआधी कोणीतरी गेलेले आहे, आणि दर वेळी इशारा आधी मिळालेला होता.

आज, सोलापुरात

आपल्या जिल्ह्यात बैलगाडा शर्यती होतात. सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी त्यांवरचा कायदेशीर प्रश्न निकाली काढला आणि गावोगावी त्या उत्साहाने भरतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला होम मैदानावर लोटणारी गर्दी सोलापूरकरांना सांगायला नको. या गोष्टी बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. व्हेल्डननेही आपला खेळ बंद करा असे कधी म्हटले नसते. तो त्या खेळाचाच होता.

मी मागतो ते एवढेच. शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच. त्या परवानगीच्या कागदावर एका माणसाचे नाव असावे. बक्षिसाच्या रकमेशी, वर्गणीशी, पाहुण्यांच्या वेळापत्रकाशी त्याचा काडीचाही संबंध नसावा. किती गाडे एका वेळी सुटणार, प्रेक्षक धावपट्टीपासून किती दूर उभे राहणार, रुग्णवाहिका कुठे असणार, हे आकडे आदल्या दिवशी लिहिलेले असावेत. त्यातला एकही आकडा मोडला, तर पुढारी मंचावर बसलेले असोत की कॅमेरे चालू असोत, शर्यत थांबवण्याचा अधिकार त्या एका माणसाला असावा आणि त्याने तो वापरला म्हणून त्याला कोणी जाब विचारू नये.

लास वेगासला असा माणूस असता, तर त्याला शर्यत थांबवायला आठ महिने मिळाले होते, शेवटचे तीन दिवस मिळाले होते, रविवारची सकाळही मिळाली होती. हिरवा झेंडा पडल्यावर मात्र कोणाच्याच हाती काही उरले नव्हते. म्हणून थांबवण्याचा अधिकार झेंड्याच्या आधीचा हवा, आणि तो कोणाचा, हे प्रत्येक आयोजकाने बक्षीस जाहीर करण्यापूर्वीच लिहून द्यायला हवे.